मुलाच्या खोलीचा रंग

शेंदूर मारुतीच्या अंगावर शोभतो, माणसाच्या पोटांत नव्हे, हें महाराष्ट्रांतील घरोघरच्या आजीबाईंना ठाऊक होतें. विड्यांतून शेंदूर चारून एखाद्या गवयाचा आवाज कायमचा घालविल्याच्या कथा संगीताच्या दुनियेंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या कथांपैकीं खऱ्या किती आणि रचलेल्या किती, हा प्रश्न निराळा. परंतु शेंदूर जितका तेजस्वी तितकाच घातक, ही जाणीव त्यांच्या मुळाशीं होती, आणि ती यथार्थ होती. अस्सल शेंदूर म्हणजे शिसें हवेंत भाजून तयार केलेलें त्याचें ऑक्साइड. आणि शिसें हा ज्ञानतंतूंचा वैरी आहे. देवळाच्या गाभाऱ्यांत मूर्तीवर चढविलेला शेंदूर लहान मुलाच्या तोंडापर्यंत सहसा पोंचत नाहीं. परंतु तेंच शिसें रंगाच्या डब्यांत बसून घरांत शिरलें, पाळण्याच्या कठड्यावर, खिडकीच्या गजांवर आणि दाराच्या चौकटीवर चढलें, म्हणजे तें मुलाच्या अगदीं हातातोंडाशीं येतें. म्हणून मुलाच्या खोलीला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न केवळ हौसेचा किंवा शोभेचा राहत नाहीं.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या उद्योगाच्या पट्ट्यांत तर ह्या प्रश्नाला एक वेगळीच धार आहे. पवना आणि इंद्रायणी ह्या नद्यांच्या कांठचा हा टापू एके काळीं शेतीचा आणि देवस्थानांचा होता. चिंचवडास मोरया गोसावींची समाधि, पलीकडे देहू आणि आळंदी. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. आणि त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथें मोटारी, स्कूटर, रिक्षा व त्यांचे सुटे भाग घडविणारे कारखाने एकामागून एक उभे राहिले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं येथें महानगरपालिका झाली. पुढें खेड तालुक्यांतील चाकणच्या माळावर १९९९ सालीं बजाजचा व २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांत येथून आलेलीं कुटुंबें मोशी, चिखली, तळवडें, म्हाळुंगे, कुरुळी अशा ठिकाणीं खोल्या घेऊन राहूं लागलीं. रंगावांचून मोटार विकली जात नाहीं. तेव्हां रंगकाम हा ह्या पट्ट्यांतील कितीतरी घरांचा चरितार्थ आहे. ज्या घरांत रंगाच्या जोरावर चूल पेटते, त्या घरांत रंगाची भीति वाटेनाशी होते, आणि उरलेल्या रंगाचा डबा दाराशीं येण्यास फार अंतर लागत नाहीं.

रंग म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें म्हणजे पुढचें सारें सोपें होतें. कोणत्याहि रंगांत साधारणतः चार घटक असतात. पहिला रंगद्रव्य, डोळ्यांना दिसणारी छटा ह्याच बारीक भुकटीची. दुसरा बंधक, ही भुकटी भिंतीला अगर लांकडाला चिकटवून धरणारा पदार्थ. पूर्वीं तो बहुधा अळशीचें तेल असे, आतां ती बहुतेक कृत्रिम राळ असते. तिसरा द्रावक, रंग पातळ होऊन कुंचल्यानें पसरतां यावा म्हणून घातलेला आणि पुढें उडून जाणारा द्रव. तेलरंगांत तो टर्पेंटाइनच्या जातीचा असतो, पाण्याच्या रंगांत मुख्यतः पाणीच असतें. चौथा घटक म्हणजे थोड्या प्रमाणांत घातलेलीं साहाय्यक द्रव्यें: रंग लवकर वाळविणारीं, बुरशी रोखणारीं, डब्यांतला रंग नासूं न देणारीं.

शिसें ह्या चारांपैकीं दोन वाटांनीं रंगांत येतें. रंगद्रव्य म्हणून येतें तें पांढऱ्या सफेत्याच्या, नारिंगी शेंदराच्या आणि भडक पिवळ्या लेड क्रोमेटच्या रूपानें. हाच पिवळा निळ्यांत मिसळला म्हणजे हिरवा होतो. दुसरी वाट म्हणजे तेलरंग लवकर वाळविणाऱ्या द्रव्याची. शिसें रंगांत भेसळ म्हणून आलें नाहीं, गुण म्हणून आलें. शिशाचा रंग एका हातांत पृष्ठभाग झांकतो, ऊनपावसाला टिकतो, लवकर वाळतो आणि लोखंडाला गंज चढूं देत नाहीं. त्याचा दोष कारागिराला दिसत नाहीं; तो पुढच्या पिढीच्या अंगावर दिसतो. ह्या विवेचनांतून एक व्यवहारोपयोगी नियम निघतो. संशय धरावयाचा तो मुख्यतः चकचकीत तेलरंगाचा, आणि त्यांतहि पिवळ्या, नारिंगी, तांबड्या व हिरव्या छटांचा. दुर्दैव असें कीं, मुलांच्या वस्तूंसाठीं लोक नेमक्या ह्याच छटा हौसेनें निवडतात.

आतां शिसें मुलाच्या शरीरांत काय करतें तें पाहूं जातां प्रथम ध्यानांत येतें तें हें कीं, मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. पोटांत गेलेल्या शिशापैकीं मोठ्या माणसाच्या मानानें लहान मूल चार ते पांचपट शोषून घेऊं शकतें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. रांगतें मूल जमिनीवरची धूळ हातांनीं गोळा करतें आणि तीच बोटें तोंडांत घालतें. दांत येऊं लागले म्हणजे तें पाळण्याचा कठडा, खिडकीची चौकट, जें सांपडेल तें चावतें. शरीर शिशाला चुन्याचा भाऊ समजून हाडांत व दांतांत सांठवितें आणि मग वर्षानुवर्षें तेथून तें रक्तांत झिरपत राहतें. आईच्या हाडांत सांठलेलें शिसें गर्भारपणीं पोटांतल्या बाळापर्यंतहि पोंचतें. ज्या मुलाच्या आहारांत लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचें शरीर शिसें अधिक शोषतें; म्हणजे दारिद्र्याची झळ लागलेल्या मुलालाच ह्या विषाची झळ दुप्पट लागते.

ह्या विषबाधेचें खरें भय तिच्या मुकेपणांत आहे. शिशाचें प्रमाण फार वाढलें तर पोटांत कळा येतात, मलावरोध होतो, रक्त कमी होतें, झटके येतात, प्रसंगीं मृत्यूहि ओढवतो. परंतु प्रमाण थोडें असेल तर बाहेरून कांहींच दिसत नाहीं. मूल हसतें, खेळतें, जेवतें. मात्र पुढें शाळेंत त्याचें लक्ष लागत नाहीं, पाठांतर राहत नाहीं, स्वभाव चिडखोर होतो. आईबाप त्याला हूड किंवा मठ्ठ म्हणून बोल लावतात, आणि दोष असतो भिंतीच्या पोपड्यांचा. मेंदूची ही हानि औषधानें पूर्ववत् भरून येत नाहीं. किती शिशापर्यंत मूल निर्धास्त, अशी कोणतीहि रेषा आजवरच्या शास्त्राला सांपडलेली नाहीं. म्हणून येथें उपचारापेक्षां प्रतिबंधाचें महत्त्व शतपट आहे.

ही गोष्ट जगाला कळली ती एका दूरच्या शहरांत. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें गेल्या शतकाच्या आरंभीं मुलांना शिशाची बाधा होत असल्याचें डॉक्टरांना दिसत होतें. पण शिसें येतें कोठून, हें उमगत नव्हतें. लॉकहार्ट गिब्सन हे तेथील नेत्रवैद्य. त्यांनीं १९०४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, ह्या बाधेचें मूळ घरांच्या रंगविलेल्या भिंतींत आणि व्हरांड्याच्या लांकडी कठड्यांत आहे. तेथील कडक उन्हानें रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हातांना लागे, आणि नखें चावण्याच्या अगर बोटें चोखण्याच्या संवयीनें पोटांत जाई. ज्या व्हरांड्यांत मूल सुरक्षित खेळतें असें आईला वाटे, तेथेंच विष होतें. १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें घरांच्या अंतर्भागीं शिशाचा सफेता वापरण्यावर बंधन घालणारा करार संमत केला. १९२२ सालीं ब्रिस्बेन ज्या प्रांतांत आहे त्या क्वीन्सलंडनें ह्या बाबतींत कायदा केला. अमेरिकेसारख्या संपन्न देशाला मात्र घरगुती रंगांतील शिशाला बंदी करण्यास १९७८ साल उजाडावें लागलें. ज्ञान झालें म्हणजे आचरण होतेंच असें नाहीं, हें ह्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या अंतरावरून दिसून येतें.

भारतांत ह्या प्रश्नाकडे लक्ष वेधलें गेलें तें विसाव्या शतकाच्या अखेरीस. बंगलोरच्या जॉर्ज फाउंडेशननें मुंबईसह सात शहरांत रक्ततपासणी करवून १९९९ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत तपासलेल्या बारा वर्षांखालील मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तांत त्या वेळीं धोक्याच्या समजल्या जाणाऱ्या मर्यादेपेक्षां अधिक शिसें आढळलें. त्या काळीं पेट्रोलमध्येंहि शिसें असे; तें २००० सालीं देशभर बंद झालें. तथापि रंगांतलें शिसें राहिलें. पुढील वर्षांत दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक ह्या संस्थेनें बाजारांतील रंगांच्या तपासण्या केल्या, तेव्हां कांहीं तेलरंगांत दहा लक्ष भागांत हजारों भाग शिसें असल्याचें निष्पन्न झालें. कांहीं मोठ्या कारखानदारांनीं कायद्याची वाट न पाहतां शिसें वर्ज्य केलें. ह्यावरून त्यावांचून उत्तम रंग होतो हेंहि सिद्ध झालें. पांढऱ्यासाठीं टायटेनियम डायऑक्साइड आणि भडक छटांसाठीं सेंद्रिय रंगद्रव्यें हीं केव्हांच उपलब्ध झालेलीं होतीं.

अखेर केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानें १ नोव्हेंबर २०१६ रोजीं घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशासंबंधीं नियम प्रसिद्ध केले, आणि ते एका वर्षानें अमलांत आले. त्यांनीं घातलेली मर्यादा ९० पीपीएमची, म्हणजे दहा लक्ष भागांत ९० भागांची आहे. एक किलो रंगांत ९० मिलिग्रॅम म्हणजे सुमारें चार तांदळांच्या वजनाइतकें शिसें. त्याहून अधिक नाहीं. शिशाचें प्रमाण ह्या मर्यादेच्या आंत असल्याचा निर्देश डब्यावर छापणें कारखानदाराला बंधनकारक आहे. म्हणून रंग विकत घेणाऱ्यानें पहिलें काम करावयाचें तें छटांचें पुस्तक चाळण्याचें नव्हे. डबा हातांत घेऊन त्यावरील बारीक मजकूर वाचण्याचें. कारखानदाराचें नांव व पत्ता, उत्पादनाचा महिना, आणि शिसें ९० पीपीएमपेक्षां अधिक नसल्याचा उल्लेख, हे तीन पुरावे डब्यावर असावेत. ज्या डब्यावर ते नाहींत तो डबा, दुकानदार कितीहि ओळखीचा असला तरी, मुलाच्या खोलीसाठीं घेऊं नये. सुटा रंग, अर्धा वापरलेला रंग, लेबल खरवडलेला रंग, हे सारे ह्याच सदरांत येतात.

येथें एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवें. २०१६ चे नियम घरगुती व शोभेच्या रंगांना लागू आहेत. कारखान्यांत वापरावयाच्या औद्योगिक रंगांना ते लागू नाहींत. औद्योगिक पट्ट्यांतील कुटुंबांना ह्या एका वाक्याचा अर्थ नीट कळला, तर पुष्कळ अनर्थ टळेल. एखादा तरुण कामगार बाप होणार असतो. खोली भाड्याची, पगार बेताचा, आणि बाळ येण्यापूर्वीं जुना लोखंडी पाळणा आणि खिडकीचे गज नवे दिसावेत अशी त्याची इच्छा असते. ओळखीच्या वर्कशॉपांत यंत्राला दिलेल्या पिवळ्या रंगाचा पाव डबा उरलेला असतो. तो फुकट मिळतो, आणि रंग असा कीं वर्षानुवर्षें उडावयाचा नाहीं. तो डबा तो घरीं आणतो तो प्रेमापोटीं आणि काटकसरीपोटीं. ह्यांत त्याचा दोष कांहीं नाहीं. दोष आहे तो डब्यांत काय आहे हें त्याला कोणीं सांगितलें नाहीं ह्यांत.

कारखान्यांतील रंग घरांत कां चालत नाहीं, ह्याचीं तीन कारणें आहेत. पहिलें कारण वर आलेंच: यंत्रें, टाक्या, रस्त्यांवरील खुणा ह्यांसाठीं बनविलेल्या पिवळ्या-नारिंगी रंगांत लेड क्रोमेट असण्याचा संभव असतो. दुसरें कारण असें कीं, कारखान्यांतले कित्येक रंग नुसत्या हवेनें वाळण्यासाठीं बनविलेले नसतात. मोटारीचा सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या साहाय्यानें त्यावर पहिला थर चढवितात, आणि मग तो मोठ्या भट्टींतून सुमारें १४० ते १८० अंश सेल्सिअस उष्णतेंत भाजून काढतात. ती भट्टी घरांत नाहीं. तेथला रंग पाळण्यावर लावला तर वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आंतून कच्चा राहतो. त्यांतले द्रावक दिवसेंदिवस हवेंत येत राहतात आणि मुलाच्या दांताखालीं त्याचे तुकडे निघतात. तिसरें कारण दोन डब्यांच्या रंगाचें. मोटारीच्या चकाकीसाठीं वापरण्यांत येणाऱ्या कित्येक रंगांत ऐन वेळीं एक कडक करणारें द्रव्य मिसळतात, आणि त्यांत आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासांत गेला तर दमा जडतो. म्हणूनच चांगल्या कारखान्यांत हें काम करणारा माणूस स्वतंत्र हवा पुरविणारा मुखवटा चढवून बंद खोलींत उभा असतो. जें काम करतांना तो स्वतः इतका जपतो, तें काम बाळंतिणीच्या खोलींत कसें करावें?

आतां निवड कशी करावी तें पाहावयाचें. खोलीचे दोन भाग मनांत वेगळे करावेत: भिंती आणि छत हा एक, आणि लांकूड व लोखंड हा दुसरा. भिंतींसाठीं आपल्याकडे चुना, डिस्टेंपर आणि इमल्शन असे तीन मार्ग आहेत. चुन्याची सफेदी, तींत चिमूटभर नीळ, ही महाराष्ट्राची जुनी रीत. चुन्यांत शिसें नाहीं, उग्र वास नाहीं, आणि त्याच्या क्षारगुणामुळें बुरशीलाहि तो फारसा मानवत नाहीं. त्याचे दोष दोन: वाळल्यावर तो हाताला व कपड्यांना लागतो, आणि ओला असतांना तो दाहक असतो. कळीचा चुना विझविण्याचें काम मुलांच्या वाऱ्यालाहि होऊं देऊं नये. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यांत गेला तर दृष्टि जाऊं शकते. डिस्टेंपर स्वस्त आहे, पण हलक्या प्रतीचा असेल तर त्याचीहि भुकटी सुटते आणि तो धुतां येत नाहीं. पाण्यांत कालवावयाचें इमल्शन ह्या दोहोंहून महाग असलें तरी मुलाच्या खोलीला तेंच अधिक सोयीचें. तें धुतां-पुसतां येतें, आणि त्यांत शिसें असण्याचा संभव तेलरंगाहून पुष्कळ कमी असतो. भिंतींना तेलरंग देण्याची चाल टिकाऊपणासाठीं कांहीं घरांतून आहे. मुलाच्या खोलींत ती सोडून द्यावी.

लांकूड आणि लोखंड ह्यांच्या बाबतींत सावधगिरी अधिक हवी, कारण मुलाचे दांत भिंतीला लागत नाहींत, कठड्याला लागतात. येथें पाण्याच्या आधाराचें एनॅमल घ्यावें, आणि त्यावरील निर्देश वाचूनच घ्यावें. लोखंडाला रंगापूर्वीं प्रायमरचा हात देतात, आणि रंगारी बहुधा तांबडा प्रायमर आणतो. तांबडा ऑक्साइड हा स्वतः निरुपद्रवी आहे. तो गेरूचाच सख्खा भाऊ, म्हणजे लोहाचें ऑक्साइड. परंतु गंज रोखण्यासाठीं त्यांत झिंक क्रोमेट मिसळण्याची रीत जुनी आहे, आणि त्यांतील क्रोमियम कर्करोगाला कारण होणारें आहे. ह्याच्या जागीं झिंक फॉस्फेटचा प्रायमर मिळतो. दुकानांत तो नांव घेऊन मागावा लागतो. न मागतां मिळेलच असें नाहीं. भोसरी-तळवड्यासारख्या ठिकाणीं पावडर कोटिंग करणाऱ्यांची वाण नाहीं. कोरडी भुकटी विजेच्या भारानें लोखंडावर बसवून भट्टींत भाजण्याची ही पद्धति. हिच्यांत द्रावक मुळींच नसतो आणि थर कडक बसतो. मात्र भुकटी शिसेंविरहित आहे ना, हें विचारून घ्यावें, आणि फिक्या छटेची मागणी करावी. नवा पाळणा किंवा खेळणीं घेतांनाहि हेंच धोरण ठेवावें. १ जानेवारी २०२१ पासून भारतांत खेळण्यांवर मानक संस्थेची मुद्रा असणें बंधनकारक झालें आहे. ती मुद्रा पाहूनच खेळणें मुलाच्या हातीं द्यावें.

नव्या रंगापेक्षांहि मोठा धोका जुन्या रंगांत असूं शकतो. पिंपरी-चिंचवडांत साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेलीं घरें आणि कामगारांच्या वसाहती आहेत. त्यांच्या दारा-खिडक्यांवर थरावर थर चढलेले असतात, आणि खालच्या थरांत काय आहे तें वरून कळत नाहीं. असा रंग घट्ट बसलेला असेल तर त्याला छेडूं नये. त्यावर नवा रंग देऊन तो झांकून टाकावा. पोपडे सुटले असतील तर मात्र ते काढलेच पाहिजेत, आणि तेथेंच बहुधा चूक होते. रंगारी पॉलिशपेपरनें कोरडा रंग घांसतो, खोलीभर धूळ उडते, तीच धूळ गादीवर, भांड्यांवर आणि फरशीच्या सांध्यांत बसते. ज्या रंगानें वीस वर्षें कोणाला त्रास दिला नाहीं, तो ह्या एका दिवसांत घरभर पसरतो. योग्य रीत अशी: पृष्ठभाग पाण्यानें भिजवून मगच तो खरवडावा, खालीं प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, सामान बाहेर काढावें, निघालेले पोपडे पिशवींत बांधून टाकावेत, आणि शेवटीं फरशी झाडूं नये, ओल्या फडक्यानें दोनतीनदां पुसून घ्यावी. दिव्याच्या ज्योतीनें रंग जाळून काढण्याची पद्धति तर कटाक्षानें टाळावी, कारण तींत शिशाचा धूर होतो. हें काम चालू असतांना गरोदर स्त्री आणि मुलें ह्यांनीं त्या घरांत राहूं नये. रंगाऱ्याचीं स्वतःचीं मुलें घरीं वाट पाहत असतात; तेव्हां त्यानेंहि नाकावर चांगला मुखवटा बांधावा आणि काम संपल्यावर हातपाय धुऊनच घरीं जावें.

पोपडे बहुतेक वेळां ओलीमुळें सुटतात. मावळच्या बाजूनें येणारा पाऊस ह्या भागांतील पश्चिमेच्या भिंतींना झोडपतो, आणि शेजारच्या न्हाणीघराचा नळ गळत असेल तर आंतूनहि ओल धरते. अशा भिंतीला बुरशीनाशक रंग देण्याचा सल्ला दुकानांत मिळतो. पण बुरशीनाशक म्हणजे शेवटीं एक विषच. मुलाच्या खोलींत तें जितकें कमी तितकें बरें. आधीं गळती बंद करावी, गिलावा दुरुस्त करावा, भिंत पुरती वाळूं द्यावी, लांबी भरावी, आणि मग रंग द्यावा. ओल्या भिंतीवर दिलेला उंची रंग पुढल्या पावसाळ्यांत पोपड्यांच्या रूपानें परत मिळतो.

राहिला प्रश्न वासाचा. रंग वाळतो म्हणजे त्यांतील उडून जाणारे पदार्थ खोलीच्या हवेंत येतात. त्यांनीं डोळे चुरचुरतात, डोकें दुखतें, दम्याचा विकार असलेल्या मुलाचा श्वास कोंडतो. ज्या रंगांत हे पदार्थ कमी असतात, ते त्याप्रमाणें लेबलावर लिहून विकले जातात. पण वास न येणारा रंग आणि निर्दोष रंग हे दोन एक नव्हेत. वास झांकण्यासाठीं सुगंध घातलेले रंगहि बाजारांत आहेत, आणि सुगंधानें हवा शुद्ध होत नाहीं. गडद छटा बनवितांना दुकानांतील यंत्र जें रंगद्रव्य मिसळतें, त्याबरोबरहि असे पदार्थ येऊं शकतात. म्हणून फिकी छटा अधिक चांगली. घराघरांतून दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंग देण्याची आणि दोन दिवसांत सामान लावण्याची घाई असते. बाळंतपणासाठीं मुलगी माहेरीं यावयाची असली म्हणजे तर ती घाई विचारूंच नये. हें काम तिच्या येण्यापूर्वीं निदान महिनाभर आधीं उरकावें, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात, आणि मुलाला त्या खोलींत निजविण्यापूर्वीं किमान एक आठवडा, तेलरंग दिला असेल तर त्याहूनहि अधिक काळ, जाऊं द्यावा.

कारखान्यांत काम करणाऱ्या घरांत आणखी एक दक्षता घ्यावी लागते, आणि ती रंगाच्या डब्याशीं नव्हे, कपड्यांशीं संबंधित आहे. रंगाची फवारणी, जुना रंग घांसणें, बॅटरी दुरुस्त करणें, डाग देणें अशीं कामें करणाऱ्याच्या कपड्यांवर, केंसांत व पादत्राणांत शिशाची धूळ बसूं शकते. बाप दाराशीं येतो, मूल धांवत येऊन पायांना मिठी मारतें. त्या मिठींत ती धूळ मुलाकडे जाते. म्हणून कामाचे कपडे कारखान्यांतच बदलावेत, बूट दाराबाहेर ठेवावेत, स्नान करून मगच मुलाला उचलावें, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊं नयेत. यास खर्च कांहीं नाहीं. संवय तेवढी लावून घ्यावी लागते.

मुलानें रंगाचे पोपडे खाल्ल्याचा संशय आला, किंवा तें माती व भिंत खरवडून खाऊं लागलें, तर घरगुती औषधांत वेळ दवडूं नये. रक्तांतील शिसें मोजण्याची तपासणी आहे. बालरोगतज्ज्ञांना शंका स्पष्ट सांगून ती करवून घ्यावी. रक्ताच्या एक डेसिलिटरमध्यें पांच मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसें आढळल्यास त्याचें मूळ शोधून तें दूर करावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें २०२१ चें मार्गदर्शन आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ह्या संस्थांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, जगांतील दर तीन मुलांपैकीं एकाच्या रक्तांत एवढें शिसें असावें असा अंदाज वर्तविला आहे. ह्याचा सारा दोष रंगाचा नव्हे. भांडीं, मसाल्यांतील भेसळ, बॅटऱ्यांचीं उघड्यावरचीं भट्ट्यांचीं कामें हींहि कारणें आहेत. परंतु घराचा रंग हें असें एक कारण आहे कीं, जें दूर करणें कुटुंबाच्या स्वतःच्या हातीं आहे. नाचणी, दूध, हिरव्या पालेभाज्या ह्यांनीं मुलाला लोह व कॅल्शियम मिळाल्यास शिशाला शरीरांत शिरण्यास वाव कमी मिळतो. तरी आहार हा रंगाला पर्याय नव्हे, त्याचा मदतनीस आहे.

चाकणच्या भट्टींतून निघालेली मोटार चकाकते तिच्या पाठीमागें शेंकडों तपासण्या असतात; रंगाच्या थराची जाडी केंसाच्या जाडीहून सूक्ष्म मापानें मोजली जाते, आणि एक डाग दिसला तर ती मोटार परत फिरविली जाते. जे हात ही चिकित्सा दिवसभर करतात, त्यांनींच संध्याकाळीं आपल्या मुलाच्या खोलीसाठीं तिचा शंभरावा हिस्सा चिकित्सा करावी: डबा उचलावा, तो उलटसुलट फिरवून वाचावा, आणि त्यावर जें लिहिलेलें असावयास हवें तें नसेल तर तो दुकानदाराच्या हातीं परत द्यावा.